शेवटच्या धारा

दुष्काळातल्या चारा छावणीत त्या सकाळी सोळा म्हशी होत्या. आठ डाव्या दावणीला, आठ उजव्या. रेडकं आठ. कडब्याचे ढीग दोन: एक कोरडा, दुसरा युरियाचं पाणी शिंपडून ताडपत्रीखाली मुरवलेला. टँकर एक, तोही रिकामा. आणि एवढ्या धुळीत कोट घातलेला माणूस एक, त्रिंबक.

रुकसानाने हे सगळं मोजलं. मोजायची तिला सवयच होती, आणि कोटाकडे बघायचं नव्हतं.

केजच्या दूध संघात ती प्रयोगशाळा सांभाळायची. त्रिंबक चारा आणि पशुखाद्याचा सुपरवायझर. बीडच्या एका क्लबातर्फे पस्तिशीच्या आतली चार कर्ती माणसं दरवर्षी महिनाभर ऑस्ट्रेलियाला जायची, तिथल्या कुटुंबांत राहून आपापल्या कामातलं नवं काही शिकून यायची. मग तिकडचे चौघे इकडे यायचे. संघातून यंदा एकच नाव जाणार होतं. चेअरमन सुंदररावांनी, संघातल्या सगळ्यांच्या आप्पांनी, सरळ सांगितलं होतं, की त्रिंबकचा प्रयोग टिकला तर त्रिंबक जाईल, नाहीतर रुकसाना.

प्रयोग असा: युरियाने मुरवलेला कडबा अंगी लागून दूध दाट होतं का, हे बघायला डाव्या दावणीला तो, उजव्या दावणीला कोरडा. महिन्याभराने डावीकडच्या दुधाची फॅट सात पूर्णांक दोन आली, उजवीकडची सहा पूर्णांक एक. दुष्काळात एवढा फरक कुणी बघितला नव्हता. आणि तो काढला होता रुकसानानेच, स्वतःच्या हाताने. पुन्हा काढला तरी तेवढाच.

"मॅडम, येताना कांगारूचं दूध आणतो तपासायला," त्रिंबक ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणाला होता.

"आण की. पाणी घातलेलं असलं तर सांगीन," ती म्हणाली, आणि सगळ्यांबरोबर हसली.

घरी जाऊन तिने कपाटातून पासपोर्ट काढला. दोन वर्षांपूर्वी अब्बांनी, नबी मिस्त्रींनी, गॅरेज बंद ठेवून तिला तो काढून दिला होता. पानं सगळी कोरी. त्रिंबकचा अजून अर्जसुद्धा गेला नव्हता. फोटो तेवढा काढला होता, ह्याच कोटात. तो फोटो तो ऑफिसभर दाखवत फिरला, आणि तिला तो दोनदा दाखवला.

आज ती छावणीत आली ती ताजा नमुना घेण्याचं निमित्त करून. खरं तर तिला त्याची लबाडी पकडायची होती. धारा सुरू असताना ती म्हशींच्या मागे मागे फिरली. लबाडी काही दिसेना. हात धुतलेले, चरव्या घासलेल्या. तिचा जीव आणखीच जळाला.

उजव्या दावणीला छबुबाई धार काढत होती. तिने आधी रेडकू लावलं, म्हैस पान्हवली तसं ओढून बाजूला बांधलं. बरंचसं दूध काढून झाल्यावर तिने चरवी उचलली आणि रेडकू पुन्हा सोडलं. "घे बाबा. ऱ्हायलेलं तुझं."

रुकसाना थबकली. तिने रेडकं परत मोजली. आठच्या आठ उजवीकडे होती.

"त्रिंबक, डावीकडं एकबी रेडकू कावून न्हाई?"

"युरियाचा चारा बारक्या जिवाला बाधतो. म्हणून बिनरेडकाच्या म्हशी मीच तिकडं बांधल्यात. पेंड दाखवली की पान्हवत्यात."

"अन् धार शेवटपर्यंत काढता?"

"मग? ठेवायचं कुणासाठी?"

तिला उन्हात गार पाणी प्याल्यासारखं वाटलं. दुपारी सुंदररावांची जीप आली, तशी ती पुढे झाली. म्हशीचं सुरुवातीचं दूध पातळ, शेवटच्या धारा सगळ्यात दाट, तिने सांगितलं. उजवीकडे त्या रेडकं पितात, डावीकडे त्या नमुन्याच्या बाटलीत येतात. "आप्पा, ही फॅट चाऱ्याची असंलच असं न्हाई. रेडकू नसल्याचीबी असंल."

त्रिंबकने उजवीकडची रेडकं एकेक करून मोजली. "हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई," तो म्हणाला. "आप्पा, मॅडम बरोबर बोलत्यात."

तो भांडला असता तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

"उद्या दोन्ही दावणी शेवटच्या थेंबापर्यंत काढा," सुंदरराव म्हणाले. "डावी नळीवर दोन रेघा जरी वर ऱ्हायली तर त्रिंबक. न्हाईतर ही पोरगी."

दुसऱ्या दिवशी छबुबाईने चरवी खाली आपटली. "रेडकाच्या तोंडचं काढायलीस व्हय गं? दुष्काळ कमी पडला का?"

नमुने भरून झाल्यावर त्रिंबकने कोट काढून खुंटीला टांगला, उजवीकडचं उरलेलं दूध पातेल्यात घेतलं आणि बोट चोखायला देत एकेका रेडकाला पाजायला बसला. हेही त्यालाच सुचावं, याचा तिला राग आला.

प्रयोगशाळेत तिने फॅटच्या नळ्यांत आम्ल, दूध आणि अल्कोहोल मोजून घातलं, बुचं लावली, यंत्रात फिरवल्या, गरम पाण्यात ठेवल्या. त्रिंबक आणि सुंदरराव दाराशी उभे होते. तिथून त्यांना नळीवरच्या रेघा दिसत नव्हत्या. एक रेघ म्हणजे फॅटच्या एका टक्क्याचा दहावा भाग. ती जो आकडा सांगेल तोच ठरणार होता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"मॅडम, सांगा की," त्रिंबक म्हणाला. त्याच्या हाताला अजून दूध होतं.

तिने नळी पुसली, उजेडाकडे डोळ्यांच्या पातळीत धरली. मग दुसरी. मग पुन्हा पहिली.

"उजवी दावण, सहा पूर्णांक नऊ," ती म्हणाली. "डावी, सात पूर्णांक दोन."