हळू कोण गातंय?

आठवडाभर ती शहरात बस चालवायची आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची. म्हणजे, वाजवायला लागली ती सासूबाईंमुळे. आधीच्या वाजवणाऱ्या बाई मुलाकडे राहायला गेल्या, ऑर्गन मुकं पडलं, आणि सासूबाईंनी परस्पर पाळकांना सांगून टाकलं, "आमची नवी सून वाजवते." मग घरी येऊन सुनेला सांगितलं, "आता वाजव."

पहिल्या रविवारचं पहिलं गीत सकाळच्या स्तुतीचं होतं, तिच्या लहानपणापासूनचं आवडतं. मंडळी उभी राहिली. तिनं मनापासून सुरुवात केली आणि दुसऱ्या ओळीलाच तिच्या लक्षात आलं, की आपण एकटीच पुढे निघून आलोय. मागे सगळे पहिल्याच ओळीवर रेंगाळले होते. एकेक शब्द च्युइंगमसारखा ताणत होते.

'बऱ्याच दिवसांत ऑर्गन नव्हतं ना, म्हणून असेल,' असं मनाशी म्हणत तिनं आणखी रेटून वाजवलं. तरुण मंडळींनी गाता गाता तिला गाठलं, बाकीचे मागेच राहिले. एका गीताची दोन गीतं झाली. आणि तिसऱ्या कडव्यात पुढच्या बाकावरचा एक खर्जातला आवाज, जो इतका वेळ ऑर्गनलाही पुरून उरत होता, एकदम बंद पडला. त्याबरोबर सगळ्यांचाच सूर बसला. शेवटचं कडवं तिनं एकटीनं वाजवून संपवलं.

उपासनेनंतर पाळकांनी तिला बाजूला घेतलं.

"तुझी चूक नाही, पोरी. पण तो आवाज आमच्या पोस्टमनकाकांचा. त्यांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हापासून बोलताना शब्द सापडत नाहीत. गाताना मात्र सगळं येतं. ते आजारातून उठून पहिल्यांदा चर्चला आले, तेव्हा आम्ही जरा हळू गायलो. त्यांना जमावं म्हणून. तेव्हापासून तसंच चाललंय."

"मग मला आधी कुणी सांगायचं नाही का?"

पाळकांनी डोकं खाजवलं. "खरं सांगू? आम्ही आपसातही कधी बोललो नाही. सगळं आपोआपच झालं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपताच ती गणवेशातच पोस्टमनकाकांच्या घरी गेली. काकूंनी दार उघडलं. काका स्वयंपाकघरात टेबलाशी मटार सोलत होते. तिला पाहताच ते धडपडत उठले. वाटी कलंडली, मटार चौफेर उधळले.

"काका, माझं चुकलं," ती घाईघाईनं म्हणाली. "पुढच्या रविवारी मी अगदी सावकाश—"

"ना... नाही!" काकांनी टेबलावर थाप मारली. "ते... रवि... ते..." शब्द येईनात. कपाळावरची शीर फुगली.

"अहो, चिडू नका," काकू म्हणाल्या. "गाऊन सांगा." मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "आमच्या घरात असंच असतं गं. भाजीत मीठ कमी पडलंय, हेसुद्धा मला तालासुरात ऐकावं लागतं."

काकांनी श्वास घेतला, टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि रविवारच्याच गीताच्या चालीवर, तिच्यापेक्षाही काकणभर जास्त वेगात गायला सुरुवात केली. शब्द त्यांचेच होते. 'केव्हापासून वाट बघतोय, कुणीतरी भरभर वाजवा! मंडळी आमची थकली बिचारी, त्यांना लागतो दम, त्यांच्यासाठी मी हळू गातो, कंटाळलो आता!'

सांडलेले मटार वेचणाऱ्या काकूंचा हात तसाच राहिला.

"अहो, काहीतरीच काय! ते सगळे तुमच्यासाठी हळू गातात!"

काकांचा ठेका थांबला. त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि भुवया उंचावल्या. काकूंनी मान डोलावली. मग काका असे हसत सुटले, की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला.

"पण मग काका, तुम्ही मधेच थांबलात का?"

"पा... पाळक," काका कसेबसे म्हणाले आणि पाळकांची नक्कल करून दाखवली: दोन ओळी मागे, डोळे विस्फारलेले, तोंडाची उघडझाप. ते बघून काकांना हसू आवरेना म्हणून त्यांनी रुमालात तोंड लपवलं होतं. मंडळींना वाटलं, काका रडले!

काकू मात्र गंभीर झाल्या. "मला तरी सांगायचंत ना."

काकांनी मऊ आवाजात, गुणगुणतच उत्तर दिलं, "तूसुद्धा हळूच गात होतीस."

पुढच्या रविवारी पहिल्या गीताआधी काकू बाकावरून उठल्या. "मंडळी, आमच्या ह्यांना तुमची फार काळजी वाटते. तुम्हाला दम लागतो म्हणून ते हळू गातात." आधी कुणाला काही कळेना. मग एका बाकावर खसखस पिकली, ती मागच्या भिंतीपर्यंत गेली. पाळकांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि ऑर्गनकडे हात केला. "होऊ दे, पोरी."

आणि काय गोंधळ उडाला! म्हाताऱ्यांच्या जिभा अडखळल्या, पुस्तकाची पानं उलटता उलटता ओळी निसटल्या. पाळकांनी तर एक अख्खी ओळ सोडून पुढच्या ओळीवर उडी मारली. सासूबाईंना खरोखरच धाप लागली, पण बसतील तर शपथ. सगळ्यांच्या पुढे पोस्टमनकाका, मान ताठ, आवाज मोकळा, एकही शब्द न अडखळता. आणि काकू त्यांच्या बरोबरीनं, गाल लाल करून.

गीतं भराभर संपली, त्यामुळे उपासनाही लवकर आटोपली. आशीर्वाद झाला तरी दाराकडे कुणी वळेना. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून एक होऊ द्या!" काकांनी पुस्तक उघडून एका पानावर बोट ठेवलं आणि ऑर्गनपाशी नेऊन दाखवलं. संध्याकाळचं गीत होतं, मुळातच संथ. तिनं नजरेनंच विचारलं, किती वेगानं? काकांनी तळहात हळूहळू खाली आणला.

ते गीत मंडळी सावकाश गायली, शेजाऱ्याचा कानोसा न घेता. ते संपलं, मग आणखी एक झालं, मग आणखी एक. दुपारच्या सभेची माणसं दार ढकलून आत डोकावू लागली, तरी कुणी पुस्तक मिटायचं नाव घेईना.