भगताच्या पाठीमागची पहिली गाडी

मी बैलगाडी बोलतेय. बाभळीची चाकं, सागाची साटी, लोखंडी धावा. शहाद्याच्या सुताराने घडवलेली. ट्रॅक्टर आल्यापासून माझ्यापुढे बैल नाहीत. वर्षभर मी भिलाभाऊंच्या खळ्यात उभी असते आणि कोंबड्या माझ्याखाली अंडी घालतात. एक दिवस मात्र मला धुऊन, हळद लावून मरीमातेच्या जत्रेत नेतात.

आमच्याकडे बारागाड्या ओढतात. बारा गाड्या एकामागे एक बांधायच्या, वर माणसं गच्च बसवायची आणि एकट्या भगताने कमरेला आकडा अडकवून त्या ओढायच्या. पाच दिवसांचा उपास, अंगभर हळद, आधाराला दोन्ही बाजूंना दोन बगले. आमच्या आणि शेजारच्या गावाचे भगत एकाच वाटेवर पाळीपाळीने ओढतात. गाड्या थांबतात तिथे पांढऱ्या फक्कीची रेघ मारतात. ज्याची रेघ लांब, त्या गावाच्या मिशीला वर्षभर पीळ. आमचे भगत भिलाभाऊच, म्हणून सगळ्यांत पुढे मी, त्यांच्या पाठीला लागून.

लोक लांबून येतात. झाडांवर, पत्र्यांवर चढतात, मोबाईल उंच धरतात. एक माणूस बारा गाड्या ओढतो हे त्यांना डोळ्यांनी बघायचं असतं. मी जवळून पाहिलंय, म्हणून सांगते. पहिली दहा पावलं तो ओढतो. मग मागून शेदोनशे हात ढकलायला लागतात, कारण रेघ गावाची असते. त्यापुढे भगत ओढत नाही, पळतो. माझ्यापासून पळतो. त्यात मागे वळून बघायचं नाही असा नेम आहे.

गेल्या वर्षी भिलाभाऊंचा गुडघा सुजला होता. त्यांची बायको गजराबाई माझ्या चाकाला टेकून म्हणाली, "औंदा वढू नका. धड चालता येत नही तुमले."

"गाव वाट दखी ऱ्हायनं," एवढंच ते म्हणाले.

लाकडी गाड्या अकराच मिळाल्या. त्यांच्या मुलाने, नवनीतने, बारावी म्हणून एक टायरची गाडी आणून शेवटी जोडली. बारा भरल्या म्हणून सगळे खूश. लाकडी चाक कुरकुरत, अडखळत चालतं. टायर अडखळत नाही. लोकांनी ढकलताच ती मागची अशी आली, की एकेका गाडीचा धक्का पुढे सरकत माझ्यापर्यंत पोचला. शेजारच्या गावाची रेघ आली. भिलाभाऊंनी ती ओलांडली आणि त्यांचा गुडघा मुडपला. बगले बाजूला फेकले गेले. आकडा कमरेतच होता.

मी थांबायची धडपड केली असं म्हटलं तर ते खोटं होईल. गाडीला थांबता येत नाही. माझं उजवं चाक त्यांच्यावरून गेलं. मागे टाळ्या चालूच होत्या, कारण मागच्यांना रेघ ओलांडली एवढंच कळलं होतं.

दवाखान्यात पोचायच्या आत भिलाभाऊ गेले. फक्कीवाल्याने तरी रेघ मारली. आमचं गाव चार हातांनी जिंकलं.

त्यानंतर लोक खळ्यात येऊन "हाईच ती गाडी" म्हणत माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. मला त्यांचा फार राग यायचा.

भगतपण बापाकडून मुलाकडे येतं. चार दिवस झाले, नवनीत उपाशी आहे. आज सकाळी गजराबाईने माझ्या आसाच्या, चाकं निसटू न देणाऱ्या दोन्ही खिळी उपसल्या आणि विहिरीत टाकल्या.

"माय, हाई काय करं तू?" नवनीत म्हणाला.

"हाई गाडीले आते कोठेच जानं नही."

दुपारी गावाने लोहाराकडून नव्या खिळी आणून बसवल्या. आसाला वंगणही दिलं. चाक आता पूर्वीपेक्षा हलकं फिरतं.

उद्या जत्रा. तुम्ही याल, बघाल, ओरडाल. तेवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. फक्त मागून हात लावू नका. नवनीतची ओली हळद लावलेली पाठ माझ्यापुढे वीतभरावर असेल. त्याला मागे बघायचं नाही, आणि मला थांबता येत नाही. थांबायचं ते तुम्हालाच थांबावं लागेल.