देवधानाचा रिकामा डबा

सेवकरामने आपली बोडी बुजवली तेव्हा गावात त्याचा भाव वधारला होता. त्या तळ्यात बगळे आणि म्हशी सोडून होतं तरी काय? जेसीबीने बांध फोडला, पाणी सोडून दिलं, तिथे धानाच्या दोन बांध्या, म्हणजे खाचरं, पाडली आणि उन्हाळी धानासाठी बोअर मारला. अंगणातली विहीर आटली, तर त्याने बोअर आणखी खोल नेला. तीनशे फूट! हा आकडा तो पाहुण्यांना कौतुकाने ऐकवायचा.

घोडं अडलं ते ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी. गोदावरीबाईने रिकामा डबा नवऱ्यापुढे ठेवला. या उपासाला नांगर न लागलेलंच खायचं, म्हणून बायका तळ्यात आपोआप उगवणारं देवधान वर्षभर जपून ठेवत. चोवीस वर्षांत तिचा हा उपास चुकला नव्हता.

"एवढंच ना? आणतो," म्हणत सेवकरामने फटफटी काढली.

शेजारच्या गावात सत्यभामाकाकूंनी नाही म्हटलं. पुढच्या गावात सुंदरबाईने चहा पाजला, पण देवधान तिच्याकडेही नव्हतं. शेवटी तो सिहोऱ्याला थोरल्या बहिणीच्या, तुळसाबाईच्या दारात जाऊन थडकला.

तुळसाबाई हसायलाच लागली. "सेवक, आमी तं तुह्याच बोडीतलं नेत होतो ना रे."

"अन् सुंदरबाई? सत्यभामाकाकू?"

"त्यायलेबी तेथलंच. गोदावरीच तं वाटत होती सगळ्यायले."

सेवकराम चाट पडला. चार गावांच्या बायकांचा उपास त्याच्या बोडीवर चालत होता आणि मालकालाच त्याचा पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी गोदावरीबाईने परसातल्या भाजीवर दिवस काढला. सेवकरामपुढे घरच्या तांदळाचा वाफाळता भात होता, पण त्याने ताट बाजूला सारलं. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून.

जानेवारीत उन्हाळी धानासाठी चिखलणी सुरू झाली. मुलगा वीरेंद्र ट्रॅक्टर घेऊन सखल बांधीपाशी आला, तर बाप फावड्याने कडेचा बांध उंच करत होता. बोअरचं पाणी त्याने तिकडे सोडलंच नव्हतं.

"बाबा, हे बांधी काहून सोडून राहिले?"

"नांगर नोको लावू तिले. पावसाचं पाणी साचू दे, देवधान उगवन."

"अन् पीक?"

सेवकरामने कपाळावरचा घाम पुसला.

"तुह्या मायनं चोवीस वर्षं उपास धरला," तो म्हणाला. "आता हे बांधी धरन."