काळ्या मातीचा प्रश्न

परीक्षा जर्मनीतल्या विद्यापीठाची, भाषा जर्मन, आणि मेघा ती देणार होती नागपुरात, इंदोऱ्यातल्या घरी बसून. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन धंतोलीतल्या दवाखान्यात झालं म्हणून ती धावत आली होती, आणि तिच्या प्राध्यापकांनी मोठ्या मनानं व्हिडिओवर माती आणि पाण्याच्या विषयाची तोंडी परीक्षा घ्यायचं कबूल केलं होतं. त्यांचं मन मोठं होतं, नियम मात्र कडक. ही तिसरी खेप. आता नापास झाली की विद्यापीठातून नाव कटणार.

पहिल्या खेपेला भाषेनं दगा दिला. प्रश्न कळेपर्यंत पुढचा प्रश्न यायचा. दुसऱ्या खेपेला जर्मन बरी वळत होती, तरीही ती आपटली. ते कशानं, हे तिनं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी बाबांनी विचारलंच. प्रेमानंद गुरुजी पारशिवनीकडच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. पाय उशीवर असला तरी आवाज अजून वर्गातलाच.

"मागच्या वेळी काय झालतं वं?"

"सर म्हणाले, काळ्या मातीत पाणी सारखं भराभर मुरत राहते, बरोबर ना? मी हो म्हटलं."

"काळ्या मातीत?" बाबा उठायलाच निघाले. "अवं, भेगा बुजल्या का पाणी वरच साचून राहते! याच मातीत वाढली तू. तुले माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग हो काहून म्हटलं?"

"सर तसं म्हणून राहिले होते ना, बाबा."

तिकडे परीक्षक मुद्दाम चुकीचं बोलतात, विद्यार्थी अडवतो का ते बघायला. हे तिला मागाहून कळलं. पण आधी कळलं असतं तरी तिनं काय मोठे दिवे लावले असते? सातवीपर्यंत ती बाबांच्याच वर्गात होती. सर बोलले की मान खाली. गुरुजींच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते, असं अख्खा तालुका कौतुकानं म्हणायचा.

बाबांनी तिथल्या तिथं सराव सुरू केला. "पेंच नदी वर्धेले जाऊन मिळते. बोल!"

मेघा हसली. तोंडातून शब्द मात्र फुटेना.

"कन्हानले मिळते म्हण ना वं!" स्वयंपाकघरातून आई ओरडली. आईला या कामाचा लग्नापासूनचा सराव होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेघा लॅपटॉपसमोर बसली. पलीकडच्या खोलीत बाबा कान देऊन पडून होते. जर्मनचं त्यांना अक्षरही कळत नव्हतं, पण लेकीचा आवाज कळत होता. परीक्षा अर्ध्यावर आली तेव्हा तो आवाज एकदम थांबला.

प्राध्यापक म्हणाले होते, "काळी माती फुगली की विहिरींना पाणी जास्त मिळतं. मान्य आहे ना?"

'हो' अगदी ओठांवर आलं. समोरचा माणूस पांढऱ्या केसांचा, चष्म्याचा, बाबांच्या वयाचा.

"नाही सर," ती म्हणाली. "हे चुकीचं आहे."

मग माती फुगते कशी, वाटा बुजतात कशा, पाणी वरच्या वर अडतं कसं, हे ती सांगत सुटली. दोन-तीनदा विभक्त्या चुकल्या; तिनं पर्वा केली नाही. प्राध्यापक हसले. त्यांनी आणखी काही विचारलं, तिनं उत्तर दिलं, आणि ती पास झाली.

आईनं तिला पोटाशी धरलं. बाबांचे डोळे भरून आले होते. जरा वेळानं ते म्हणाले, "आखरीले काय विचारलं वं त्यांनी? तू लय हळू बोलली."

"मागच्या वेळी हो काहून म्हटलं, म्हणून विचारलं."

"मग?"

काहीतरी थाप मारून देता आली असती. जर्मन तर घरात कुणालाच येत नव्हती.

"म्हटलं, माझ्या बाबांनीच शिकवलं तसं. सरांच्या समोर बोलायचं नाही म्हणून."

 मग बाबांनी आयुष्यात कुणाला विचारलं नसेल ते लेकीला विचारलं, "माझं चुकलं का, मेघा?"

जीव तुटत होता तिचा. नाही म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं.

"हो, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या पायाशी जाऊन बसली.