माझी साक्ष काढू नका

मित्रांनो, शिंपीकाम करणाऱ्या एका मास्तरांच्या गळ्यात तीस वर्षं लोंबकळलेली जुनी टेप आहे मी. माझे आकडे पुसत चाललेत, टोकाची पितळी पट्टी सैल झालीय. तरी बोलणार आहे, कारण माझ्या नावावर एक खोटं खपवलं गेलं, आणि माझा जीव अजून जळतो आहे.

नवी होते तेव्हा पिवळीधमक होते. छाती मोजली, खांदा मोजला, बाही मोजली. कोणाचं पोट सुटलं, कोणाची कंबर झिजली, सगळं आधी मला कळे. मास्तर कौतुकानं म्हणत, "माणसं खोटं बोलतील, माझी टेप नाही." मीही फुशारून जाई.

दुकानात काज-बटणाचं काम मास्तरांचा पुतण्या करतो. जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलगी म्हटलं. आपण मुलगा आहोत हे त्याला शाळेत असतानाच कळलं होतं; सांगायला मात्र तिशी उजाडली. मग डॉक्टरांचं औषध सुरू झालं. आवाज जाड झाला, मिशी फुटली. गळा पाऊण इंच वाढला, तो मीच मोजला.

"औषधानं पोरगी बिघडवली," मास्तर म्हणाले.

"औषधाआधीही मी हाच होतो, काका. तुम्हाला दिसत नव्हतो, एवढंच."

इस्त्रीवाल्या मावशींनी चिमटा काढला, "पुरुष झालास, मग आता चहाचे कप कोण विसळणार?"

"मीच, मावशी. तुम्ही विसळलेले कप बघवत नाहीत."

त्याच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ती म्हणाली, "दादा, फोटोत तू माझ्या शेजारी. कोट घालून." कोट मास्तरांनी शिवायला घेतला, तेव्हा पुतण्या दिवसभर गुणगुणत होता.

लग्नाला दोन दिवस उरले. मास्तरांनी कोट काजांसाठी त्याच्या पुढ्यात टाकला. छातीला उभार देणारे टक्स, बायकी कपड्यांना घालतात तसे, कंबर आत खेचलेली, आणि काजांच्या खडूच्या खुणा उजव्या बाजूला, बायकांच्या कोटाला असतात तशा. पुरुषांची काजं डावीकडे. हजारो कापली होती त्यानं. आज कात्री खुणेवर थांबली. एकदा कापलेलं काज मिटत नाही, मित्रांनो.

"काका, हा माझा कोट नाही."

मास्तरांनी मला गळ्यातून ओढलं आणि त्याच्या तोंडासमोर नाचवलं. "छाती छत्तीस, कंबर एकोणतीस. टेप कधी खोटं बोलते का, पोरी?"

मी छत्तीस म्हटलं होतं. पोरगी कधी म्हटलं? छत्तीस छातीचे किती बाप्ये याच दुकानातून कोट घालून गेले, त्यांना नाही कोणी पोरी म्हटलं. मी इंच सांगते, मास्तर. आत कोण राहतं ते मला दिसत नाही, आणि तुम्हालाही नाही. ज्याला ठाऊक आहे तो समोर उभा राहून सांगतोय, आणि तुम्ही त्याचं तोंड बंद करायला मला वापरता?

पुतण्यानं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं. खुणा बाहीनं पुसल्या, टक्स उसवले, कंबरेची शिवण सोडली. संध्याकाळी बहीण दुकानात आली आणि तिनं नवं माप घेतलं, आधी मला उलटी धरून, मग सुलटी. काजं त्यानं डावीकडे कापली.

लग्नात मी त्या कोटाच्या खिशात होते. मास्तरांनी कोट बराच वेळ निरखला.

"खांदा एक सूत उतरलाय. सोमवारी आण."

पोरी म्हणाले नाहीत. चुकलो, असंही म्हणाले नाहीत. म्हणून मी त्यांच्या गळ्यात परत गेलेले नाही.

मित्रांनो, मला जपा, असं मी म्हणत नाही. हवं तर फेकून द्या. पण कोणाला खोटं पाडायला माझी साक्ष काढू नका. कंबर किती, ते मला विचारा. माणूस कोण, ते त्याला.