यानपिंगची भरभराट

लुओ मिंगश्याच्या प्रबंधात यानपिंग हा हुकमाचा एक्का होता. चीनच्या ग्वेचौ प्रांताचा सगळा डोंगराळ भाग ओस पडत चाललेला, पोरं शेनझेनच्या कारखान्यांकडे पळालेली, आणि उपग्रहाच्या चित्रात हे एकच गाव वर्षभरात दुपटीने फुगलेलं. ते का, एवढंच लिहायचं राहिलं होतं. कारण सापडलं तर डॉक्टरेट, नाहीतर चार वर्षांची मेहनत पाण्यात.

बसमधून उतरताच तिला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अंगणात खोल्या, डुकरांच्या गोठ्यावर खोल्या, तळ्यात खांब रोवून त्यावरही खोल्या. एवढी भरभराट बघून बाईसाहेब हरखून एका भिंतीला टेकल्या आणि भिंतीसकट आत पडल्या. भिंत थर्माकोलची होती.

आतून थान म्हातारा चहाचा पेला सांभाळत धावला. गेल्या वर्षी तिने इथे घरोघरी केलेल्या पाहणीत सगळ्यांत आधी उत्तरं देणारा तो हाच. तिला उठवता उठवता त्याने हळूच विचारलं, "मॅडम, महामार्ग कधी येतोय?"

"कुठला महामार्ग?"

"आता आमच्यापासून काय लपवता? घर केवढं, खोल्या किती, सगळं विचारून गेलात. जमीन घ्यायची नसेल तर असं कोण विचारतं? भरपाई खोल्यांवर मिळते, म्हणून आम्ही खोल्या पेरल्या."

मिंगश्याला कारण सापडलं होतं, आणि ते कारण ती स्वतःच होती. डॉक्टरेट गेली म्हणून खरं तर रडू यायला हवं होतं, पण तिला हसू फुटलं ते थांबेचना. महामार्ग नाही हे कळल्यावर म्हाताऱ्याने कपाळावर हात मारला, मग तोही हसत सुटला. थर्माकोल पुतण्याच्या फ्रिजच्या दुकानातला, फुकटचा होता.

तिने तिथूनच आपले मार्गदर्शक प्राध्यापक शाओ यांना फोन लावून सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, प्रबंध फाडू नकोस, हेच लिही, आणि स्वतःला तळटीपेत लपवू नकोस, पहिल्या प्रकरणात घाल. मिंगश्याने थान म्हाताऱ्याला अशी मिठी मारली की त्याचा उरलासुरला चहा सांडला.

तेवढ्यात फटफटीवर अक्रोडांचं पोतं बांधून समोरच्या डोंगरावरच्या गावची सरपंच फेंगबाई येऊन थडकली. तीही भरपाईच्या आशेने आली हे ओळखून मिंगश्याने घाईघाईने खरं ते सांगितलं, की महामार्ग नाही, भरपाई नाही, काही नाही. फेंगबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पोतं मिंगश्याच्या पायाशी ठेवलं.

"ते असू दे गं. यांना नुसते प्रश्न विचारलेस तर केवढं गाव झालं यांचं. आम्ही तुझं काय घोडं मारलंय? आमच्याकडेही ये, दोन प्रश्न विचार."