गार बटाटा, संत्र्याचा जाम आणि तिसरा ठोका

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. स्वयंपाकघरात ओट्याच्या डाव्या बाजूला उभा असतो. एके काळी मी दुधासारखा पांढरा होतो, आता दुधावरच्या सायीसारखा झालो आहे. माझ्या उजव्या कुशीवर पोचे पडले आहेत. घरी नवीन आलेला माणूस ते पाहून हमखास विचारतो, "टेम्पोतून पडला होता का हो?" मी कधीच पडलो नाही. ते पोचे चमच्याचे आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, रंगवला. पाठीशी मोटर बसवली, दाराला रबर लावले. तिथून मी दुकानात आलो आणि काचेमागे उभा राहून गिऱ्हाइकाची वाट पाहू लागलो. लोक यायचे, माझे दार उघडून आत डोकवायचे आणि शेजारच्या निळ्या फ्रीजकडे वळायचे. मग एक दिवस खाकी शर्टातले एक उंच गृहस्थ आले. त्यांनी दार उघडलेच नाही. माझ्या कुशीवर बोटाने टकटक केली, कान लावला आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे. हाच द्या."

"काका, फ्रीज आहे हा, ढोल नाही," विक्रेता म्हणाला.

"ते दिसतंय मला. पण ज्याच्या शेजारी रोज उभं राहायचं, त्याचा आवाज नको का बघायला?"

हेच माझे आजोबा. ते बसचालक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. बसमध्ये चालकाने गाणी लावायची नाहीत आणि गाडी चालवताना काही खायचे नाही, असा नियम होता. आजोबांनी तो उभी हयात पाळला. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी दोन्ही हौशी एकाच वेळी भागवायला सुरुवात केली. माझ्यासमोरच्या फळीवर रेकॉर्ड प्लेअर आला. तबकडी फिरू लागली की आजोबा चमचा घेऊन माझे दार उघडत.

प्रत्येक गाण्याचा खाऊ ठरलेला होता. बासरी लागली की काकडी मधात बुडवून. एका जाड आवाजाच्या गायकाचे रडके गाणे लागले की पावाची कड गार चहात भिजवून. आणि सर्वांत लाडकी होती ती अकॉर्डियनवरची नाचाची धून. ती लागली की उकडलेला गार बटाटा, त्यावर संत्र्याचा जाम आणि वर चिमूटभर मीठ. एका हाताने घास, दुसऱ्या हाताने चमच्याचा ताल माझ्या कुशीवर. ठक, ठक, मग श्वासभर थांबून तिसरा ठक. धून संपत आली की त्यांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा.

या सगळ्यात माझे दार उघडेच राही. थंडी बाहेर जाई, मोटर धापा टाकी. पण खरे सांगू? दुकानात माझी थंडी सगळ्यांनी पाहिली होती, आवाज फक्त यांनी ऐकला होता. त्यामुळे मी कुरकुरलो नाही.

कुरकुरायला सूनबाई होत्या. त्या चष्म्याच्या दुकानात काम करत. दिवसभर नाजूक काचा पुसून आल्यावर घरी माझ्या दारावर जामाची बोटे दिसली की त्यांचे डोके फिरायचे.

"बाबा, बटाट्यावर जाम? डोहाळे लागलेत का तुम्हाला?"

"रिटायर झाल्यावर लागतात. तुलाही कळेल."

"आणि दार लावा ना! सगळ्या गल्लीला गार करताय."

"गल्लीचा आशीर्वाद लागेल की मग!"

नात खुदकन हसे. तिला घरात सगळे चिमणी म्हणत. सूनबाई फडके घेऊन माझ्या अंगावर तुटून पडत. बोलणे फटकळ, पण उकडलेले बटाटे संपले तर दुसऱ्या सकाळी त्याच गुपचूप नवे उकडून माझ्या मधल्या कप्प्यात ठेवत. हे फक्त मला ठाऊक होते.

मग एका थंडीत आजोबांची छाती भरली. दवाखान्यातून ते परत आले, ताप गेला, पण तोंडाची चव काही परत आली नाही. डॉक्टरांनी सांगितले, "पूर्ण आराम. हलकं खाणं." आजोबांच्या मुलाने रेकॉर्ड प्लेअर उचलून माळ्यावर ठेवला. घरात सगळे दबक्या पावलांनी चालू लागले. सूनबाई रोज ताजे सूप करत. वाटी आजोबांच्या खोलीत भरलेली जाई आणि तशीच भरलेली माझ्याकडे परत येई. माझे सगळे कप्पे त्या वाट्यांनी भरून गेले. मित्रांनो, फ्रीज भरलेला असला की लोक म्हणतात, घरात सुबत्ता आहे. मला मात्र तेव्हा आपल्या भरलेल्या पोटाची लाज वाटत होती.

"आजोबांना गाणं लावून देऊ?" चिमणीने विचारले.

"नको गं, झोपू दे त्यांना. आराम सांगितलाय ना!" सूनबाई म्हणाल्या.

डॉक्टर पुन्हा येऊन गेले. ते माझ्याजवळच उभे राहून हळू आवाजात म्हणाले, "शनिवारपर्यंत पोटात काही गेलं नाही, तर परत दाखल करू. नळीनं द्यावं लागेल." सूनबाईंनी मान हलवली. डॉक्टर गेल्यावर कितीतरी वेळ त्या माझ्या दाराला टेकून उभ्या होत्या.

शुक्रवारी दुपारी त्या घरीच होत्या. चिमणी शाळेत, मुलगा कामावर. घर इतके शांत, की माझी मोटर मलाच मोठी वाटू लागली. सूनबाई माझे कप्पे पुसायला बसल्या. पुसता पुसता काहीतरी गुणगुणू लागल्या. मी कान टवकारले. ती अकॉर्डियनची धून होती! त्यांचे त्यांनाही कळले नसावे. त्यांचा हात मधल्या कप्प्यात गेला, सुपाच्या वाट्यांमागून बटाटा निघाला, जामाची बाटली निघाली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! डोळे मिटून त्यांनी मोठा घास घेतला आणि चमचा माझ्या कुशीवर वाजवला. ठक, ठक, ठक. ठक, ठक, ठक.

"अगं चुकतेयस!"

आवाज आतल्या खोलीतून आला. किती दिवसांत तो असा चढला नव्हता. सूनबाई जागच्या जागी थिजल्या.

"तिसऱ्याच्या आधी थांबायचं! सिग्नल तोडल्यासारखी काय धावतेस?"

"बाबा, पडून राहा तुम्ही!" घास तोंडातच असल्याने ते नीट उमटलेही नाही.

"पडून काय राहा! हे ऐकून मेलेला माणूस उठेल."

भिंतीला धरत, सपाता फरफटत आजोबा दारात आले. शर्ट अंगावर लोंबत होता. त्यांनी सुनेच्या हातातला चमचा काढून घेतला आणि मला ठोकले. ठक, ठक. थांबले. ठक. तिसरा ठोका अगदी जागेवर पडला.

"असं. आणि खातेयस काय?"

"काही नाही."

"हनुवटीला जाम लागलाय."

सूनबाई लाजल्या आणि हसू लागल्या. आजोबांनी त्यांच्या हातातला उरलेला बटाटा घेतला, तोंडात टाकला, चावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ कुठाय? मिठाशिवाय हे खातात होय?"

सूनबाईंचे हसणे मध्येच थांबले. इतके दिवस ज्या माणसाला सगळेच सारखे लागत होते, त्याला मीठ नसल्याचे कळले होते. त्यांनी पदराने डोळे टिपले, मीठ आणले, आणि दुसरा बटाटा स्वतः सोलून दिला. चिमणी शाळेतून आली तेव्हा माझे दार सताड उघडे होते आणि दोघे माझ्यासमोर जमिनीवर बसून तिसऱ्या बटाट्यावरून भांडत होते. शनिवारी डॉक्टर आले, तेव्हा रेकॉर्ड प्लेअर फळीवर परत आला होता आणि माझे कप्पे रिकामे होत चालले होते.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. रबर सैल झाले आहे, बर्फही धड जमत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी म्हातारा फ्रीज असेल तर त्याचे रबर ओल्या फडक्याने पुसत जा आणि दार हळू लावा. आणि घरातल्या एखाद्याने जेवणाची वाटी परत पाठवली, तर वाटीत काय कमी पडले ते जरूर बघा. पण त्याआधी बघा, आपण त्याचे कोणते गाणे बंद करून ठेवले आहे.